बोल कुणी झेलावा

वाघरीची खुंटी ठोकायला दोन माणसं लागतात. एकानं धरायची, दुसऱ्यानं हाणायची. मेंढरं रात्रीची कोंडायची तर भोवती जाळी लावावी लागते, तिला वाघर म्हणतात, आणि वाघर उभी राहते ती खुंट्यांवर. गहिनीनाथनं जन्मभर हाणायचं काम केलं होतं. धरायचं काम भिवराबाईचं. ती खुंटी धरायची आणि तोंड चालूच असायचं, "नीट बगून हाना, माजी बोटं हाईत ही, बाभळीची फांदी न्हवं." इतक्या वर्षांत तिच्या बोटाला एकदा लागलं नव्हतं. तरी बोलणं काही सुटलं नव्हतं.

आता गहिनीनाथ खाली बसून खुंटी दोन्ही गुडघ्यांत धरायचा आणि कुऱ्हाड उलटी करून वरून हाणायचा. चैत्रातला माळ. जमीन अशी तापलेली आणि अशी घट्ट, की खुंटी आत जायच्याऐवजी डोकं चेपून घ्यायची. त्या दिवशी एक फटका हुकला आणि नडगीची साल निघाली. त्यानं खुंटीच्या मायला एक सणसणीत शिवी हासडली आणि सवयीनं मागं वळून बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मागं घोडी उभी होती. ती शेपटीनं माश्या वारत होती. शिवी द्यायचीसुद्धा मजा जाते बघा, ऐकणारं कुणी नसलं की.

खरं तर ही मेंढरं माळावर बसवायची नव्हेतच. सुगी आटपून रानं मोकळी झाली की करंजखडीची माणसं बोलावणं घेऊन यायची, "गहिनीनाथ, यंदा पयलं आमच्या रानात." रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत व्हायचं. त्याच्या बदल्यात दाणे मिळायचे, ते असोत. पण सांजच्याला रानमालकाच्या घरून भाकरी-कालवण यायचं आणि भाकरी घेऊन येणारा माणूस घटकाभर टेकायचा. कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाची गाय व्याली, कुणाच्या पोरीला बघायला आलेत, सगळं त्या भाकरीच्या बरोबर यायचं. गहिनीनाथला कालवणापेक्षा तेच गोड लागायचं.

हा तिसरा चैत्र बिनबोलावण्याचा. पहिल्या साली रोगानं सगळा मुलूखच बंद होता, तेव्हा कुणाला दोष द्यायचा? दुसऱ्या साली भिवराबाई गेली.

ताप आला, खोकला आला, धाप लागली. केजच्या दवाखान्यात न्यायला जीप मिळेना, मिळाली ती घ्यायला तयार होईना. पहाटे झोपडीतच संपली. गावातली माणसं लांब बांधावर उभी राहून सांगत होती, असं करा, तसं करा, तोंडाला बांधा, अंगाला हात लावू नका. खांदा द्यायला एक पुढं आला नाही. लेक मनिषा पाटोद्याला दिलेली; तिला वाटेत नाक्यावरून माघारी फिरवलं. मग ज्या घोडीवर संसाराचं बिऱ्हाड लादायचं, तिच्यावर त्यानं बायकोला लुगड्यात गुंडाळून आडवं बांधलं, आणि गावातून मसणवाटेला निघाला. एकेक दार बंद होत होतं. त्रिंबकच्या दारात त्रिंबक उभा होता, तोंडाला टॉवेल धरून. गहिनीनाथ थांबला. दोघांची नजरानजर झाली. त्रिंबक आत गेला आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

बाकी सगळ्या गावाचं त्यानं पोटात घातलं असतं. तो कडीचा आवाज काही जाईना.

कारण त्रिंबक म्हणजे काही कुणी लांबचा नव्हता. करंजखडीत चैत्रात बिरोबाची यात्रा भरते, आणि यात्रेत होईक होते. येत्या सालात पाऊसपाणी कसं, पीक कसं, गावाचं कसं, ते देवापुढं सांगायचं. सांगण्याचा मान गहिनीनाथच्या घराचा. पण नुसतं सांगून भागत नाही. एकेक बोल सांगायचा आणि त्याच्याबरोबर चिमूटभर भंडारा वर उधळायचा, समोर झेलकरी घोंगडी पसरून उभा असतो, त्यानं तो घोंगडीत धरायचा आणि ओरडायचं, "झेलला रं देवा, झेलला!" मग तो बोल पक्का. नाही झेलला तर तीनदा सांगायचा. तिसऱ्यांदाही भंडारा मातीत पडला तर तो बोल वाया, देवानं सांगितलंच नाही असं समजायचं. ह्या झेलण्याचा मान त्रिंबकच्या घराचा. त्याच्या बापानं गहिनीनाथच्या बापाचे बोल झेलले. आणि हे दोघं तर लहानपणी मातीचा भंडारा करून हाच खेळ खेळलेले.

त्रिंबकचं रान माळाला लागूनच. पण वर्ष झालं, गहिनीनाथ दिसला की तो लांबच्या वाटेनं जायचा.

"दादा, पुरं झालं आता," मनिषा फोनवर म्हणायची. "कुनासाठी माळ धरून बसलाव? मेंढरं विका अन या इकडं."

"यात्रा हू दे," तो म्हणायचा. "केजचा व्यापारी सांगून ठिवलाय. यात्रा झाली की दुसऱ्या दिशी घिऊन जातो म्हनला."

"नक्की ना?"

"नक्की."

नक्की म्हणायचा आणि फोन ठेवल्यावर बसून राहायचा. माणसानं एवढ्या मेंढरांत राहून एकटं पडावं, ही काही साधी गोष्ट आहे का? यात्रेपर्यंत कुणीतरी एकानं येऊन म्हणावं, आण मेंढरं रानात. एवढंच त्याचं मागणं होतं. ते तो देवापाशीसुद्धा बोलला नव्हता.

गुढीपाडव्याला सरकारनं सगळे निर्बंध उठवले, आणि मग माळावर मोटारसायकल आली. सरपंच उत्तरेश्वर. खाली उतरला, चांगला लांबचा दगड बघून बसला.

"काका, यंदा होईक जोरात झाली पायजे बरं का. दोन साल देव गप बसला."

"देव गप न्हवता. मला गावात येऊ दिलं न्हाई."

"आता जुनं कावून उकरताव?" उत्तरेश्वर हसला. "लोकायला धीर द्यायचाय आपल्याला. बाजार भरायला लागला, लग्नं वाजायला लागली, कापसाला कवा न्हाई तसला भाव आला. 'गाव सावरलं' एवढंच म्हना. सोसायटीचं इलेक्शन तोंडावर हाय, तुमच्यापासून काय लपवायचं?"

"देवाच्या तोंडी तुमचं इलेक्शन घालू व्हय?"

"तसं न्हवं हो! बरं, तुमची मेंढरं आमच्या मळ्यात बसवा की. चांगली आठ-पंधरा दिस."

गहिनीनाथनं मान वर केली. आलं की बोलावणं! त्यानं हातातली लोकर खाली ठेवली.

"आन भाकरी घिऊन कोन येईल?"

"भाकरी?" उत्तरेश्वरला प्रश्नच कळेना. "गडी आनून ठिवंल की बांधावर. त्यात काय येवढं?"

गहिनीनाथनं लोकर परत उचलली. "बगू," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मीठ-मिरची आणायला गावात गेला तर बंकटनं हॉटेलातून हाक मारली. बंकट म्हणजे उत्तरेश्वरचा उभा वैरी. एकानं पूर्व म्हटली की दुसऱ्याला पश्चिम दिसणार. बंकट आणि गहिनीनाथ एकाच वर्गात नापास झालेले, म्हणून बोलणं सलगीचं.

"ये बे गहिन्या, बस. दोन चहा दे रे!"

चहा आला. बंकटचा काचेच्या ग्लासात, गहिनीनाथचा कागदी कपात. निर्बंध उठले होते म्हणे. हॉटेलवाल्यानं कप मेजाच्या कडेला ठेवून बोटं झटकन मागं घेतली, आणि गहिनीनाथनं बघूनही न बघितल्यासारखं केलं.

"उत्तऱ्या आलता म्हनं तुज्याकडं. गाव सावरलं म्हन म्हनला आसंल," बंकट म्हणाला. "कशानं सावरलं बे? ऊस फडात तसाच उभा हाय, तोडायला गेलेली मानसं आजून माघारी न्हाईत. लेकरं साळा इसरली. पायाला हातरुण पुरंना म्हून पोरींची लग्नं उरकली. तू सरळ म्हन, राजा झोपला अन परजा मेली! हाय का न्हाई खरं?"

"खरं हाय."

"मंग! मेंढरं माज्या रानात बसव."

"बंकट, परजा मेली म्हनतोस, तर माजी भिवरा मेली तवा तू कुटं व्हतास?"

बंकटला नेमका तेव्हाच फोन बघावा लागला. बराच वेळ बघत होता. गहिनीनाथ चहा प्यायला, कागदी कप चुरगाळून स्वतःच्याच खिशात घातला आणि उठला. दोघांचंही खरं होतं, हेच तर दुखणं होतं. कापसाला भाव होता आणि पोरींची लग्नंही उरकली होती. पण दोघांच्याही सांगण्यात त्याची घोडी कुठंच नव्हती, आणि ती लागलेली दारंही नव्हती.

यात्रेच्या आदल्या दिवशी देवळात गेला. पुजारी तात्याबा पायऱ्या सारवत होता.

"तात्याबा, झेलायला कोन हाय?"

"त्रिंबकला निरोप धाडलता," तात्याबा मान वर न करता म्हणाला. "पाट धरलीय म्हनला. जमायचं न्हाई म्हनला."

"काल तर नांगर खांद्यावर घिऊन चाललता."

"आता मी काय म्हनू, गड्या? उत्तरेश्वर म्हनतो मी झेलतो, बंकट म्हनतो मी झेलतो. सकाळपसून दोघांनी डोकं उठवलंय. शेवटी म्हनलं, एक टोक तू धर, एक टोक तू धर."

गहिनीनाथ परत माळावर आला. पेटीतून घोंगडी काढली. भिवराबाईनं सूत काढलेली, कडेला लाल दोऱ्यानं टाके घातलेली. झटकली, उन्हात टाकली आणि तिच्याशेजारी बसून राहिला. त्रिंबक येणार नाही. त्यानं ठरवूनच टाकलं, उद्याची होईक सांगायची, घराण्याचा मान फेडायचा, आणि परवा व्यापाऱ्याच्या हातात दावं द्यायचं.

यात्रा मात्र काय भरली म्हणता! दोन वर्षांचं उपाशी गाव जेवायला बसावं तशी माणसं लोटली. ढोल घुमत होते. रेवड्या, फुगे, बांगड्या, गारीगार. मास्क कुणाच्या हनुवटीवर, कुणाच्या खिशात, कुणाच्या घोड्याच्या गळ्यात. गहिनीनाथ डोक्याला फेटा बांधून देवापुढं उभा राहिला तसं त्याच्याभोवती मोकळं रिंगण पडलं. होईकीला रिंगण पडतंच. पण यंदाचं जरा ऐसपैस होतं.

समोर घोंगडी. एका टोकाला उत्तरेश्वर, पांढरं कडक इस्त्रीचं. दुसऱ्या टोकाला बंकट, बाह्या वर सारलेला.

"मिरगाचा पाऊस येईल! लवकर न्हाई, उशिरानं येईल!" गहिनीनाथनं भंडारा उधळला.

"झेलला रं देवा, झेलला!" दोघंही ओरडले. पावसाला पक्ष नसतो.

"कापूस भाव खाईल, शेतकरी हसंल!"

उत्तरेश्वरनं आपलं टोक वर उचललं, बंकटनं खाली सोडलं. भंडारा घसरत घसरत बंकटच्या पायावर. "झेलला!" "कुटं झेलला? पडला की!" माणसं हसायला लागली. पुन्हा उधळला, पुन्हा तेच.

"चढलेला भाव उतरंल, गाडीचं तेल महाग होईल!"

आता बंकटचं टोक वर आणि उत्तरेश्वरचं खाली. शिट्ट्या सुरू झाल्या. "वढ बे, वढ!" कुणीतरी ओरडलं. दोघं इरेला पेटले आणि घोंगडी अशी ताणली गेली की कडेचे लाल टाके तटातट तुटले. तो आवाज गहिनीनाथला ढोलातूनही ऐकू आला. हिवाळ्याच्या किती सकाळी ती तो दोरा घेऊन उन्हाला बसली होती! त्याला रडू आलं. राग आला. हातातली भंडाऱ्याची वाटी दोघांच्या डोक्यात घालावी असं वाटलं.

आता शेवटचा बोल राहिला होता. शेवटचा बोल गावाचा असतो. ढोल थांबले.

"सावरलं म्हना, काका," उत्तरेश्वर हळूच म्हणाला.

"मेलं म्हन, गहिन्या," बंकट दुसरीकडून.

गहिनीनाथनं काही योजून ठेवलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले. मिटल्याबरोबर ती दारं आली, एकापुढं एक, आणि घोडीच्या टापा. तोंड आपोआप उघडलं.

"गावात पुढलं मरन होईल!"

बायकांनी पदर तोंडाशी नेले.

"त्या मरनाला गाव येईल! दारं उघडी ऱ्हातील! खांद्याला मानसं मिळतील!"

भंडारा वर गेला. उत्तरेश्वरनं बंकटकडं बघितलं, बंकटनं उत्तरेश्वरकडं. मरण कोण झेलणार? झेललं आणि आपल्याच घरात आलं तर? घोंगडी मधोमध लोंबत राहिली, आणि भंडारा तिच्या पलीकडं मातीत पडला.

"आसं बोलतेत का यात्रंत?" कुणीतरी पुटपुटलं. "बाईच्या जाण्यानं डोस्कं फिरलं म्हाताऱ्याचं."

"गहिनीनाथ, दुसरा बोल लाव," तात्याबा काकुळतीला आला.

"गावात पुढलं मरन होईल! त्या मरनाला गाव येईल!"

दुसऱ्यांदाही मातीत. आता उत्तरेश्वरनं आपलं टोक सोडूनच दिलं होतं. बंकट घोंगडी गोळा करत होता, जणू कार्यक्रम संपला. माणसं पाय हलवायला लागली. गहिनीनाथला वाटलं, मरू दे. इथंच वाटी ठेवावी आणि चालायला लागावं. उद्या व्यापारी येईल. परवा मनिषाच्या ओसरीवर बसून नातवंडं सांभाळावीत. ह्या गावात आपलं बोलणं झेलायला कुणी राहिलं नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

तरी तिसऱ्यांदा सांगायची रीत होती. रीत मोडायला घराणं तयार होईना. त्यानं वाटीतला उरलासुरला भंडारा मुठीत घेतला. आवाज फाटला.

"पुढलं मरन होईल. त्या मरनाला गाव येईल."

मूठ सुटली. आणि गर्दीतून कुणीतरी असं काही धडपडत घुसलं की पुढची दोन माणसं बाजूला कोलमडली. त्रिंबक. हातात घोंगडी नव्हती, काही नव्हतं. आला तो ओंजळ पुढं करून, गुडघ्यावर पडला, आणि भंडारा त्याच्या हातांवर, मिशांवर, डोक्यावर पडला.

सगळे वाट बघत राहिले. त्रिंबकचे ओठ हलले, पण जन्मभर ओरडलेला शब्द बाहेर येईना. शेवटी तो म्हणाला, "मी येईन."

"आरं तसं न्हाई," तात्याबा कळवळून म्हणाला. "झेलला म्हनायचं असतंय!"

"येईन म्हनतो मी," त्रिंबक म्हणाला. उठला, ओंजळ तशीच छातीशी धरून गर्दीतून निघून गेला.

मग काय, वादाला तोंडच फुटलं. हा बोल धरायचा की नाही? संध्याकाळपर्यंत उत्तरेश्वरची माणसं सांगायला लागली, गाव एकत्र येणार असं देवानं सांगितलं, म्हणजे गाव सावरलं. बंकटची माणसं सांगत होती, मरण येणार असं देवानं सांगितलं, म्हणजे गाव बुडालं. दोघांनीही बोल अर्धा अर्धा वाटून घेतला. गहिनीनाथला कुणी काही विचारलं नाही. बंकटनं मातीत टाकून दिलेली घोंगडी त्यानं उचलली, झटकली, खांद्यावर टाकली आणि माळाची वाट धरली. वाटेत त्रिंबकचं दार लागलं. उघडं होतं, पण ओसरीवर कुणी नव्हतं. हाक मारावी असं वाटलं. मारली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या सुमाराला व्यापाऱ्याचा फोन आला, गाडी वाटेत बिघडली, उद्या सकाळी येतो. ठीक आहे म्हणाला. अजून एक रात्र वाघर लावावी लागणार होती. खाली बसला, खुंटी गुडघ्यांत धरली, कुऱ्हाड उलटी केली.

"तितं कावून ठोकायलास?"

बांधावर त्रिंबक उभा होता. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. पाठ अगदी सरळ होती.

गहिनीनाथनं खाली बघूनच विचारलं, "मग कुटं ठोकू?"

"माज्या रानात. मोकळंच हाय."

"पाट बरी झाली का तुजी?"

त्रिंबक बांध उतरून आला. मेंढरं बिचकली आणि पुन्हा खाली माना घालून उभी राहिली.

"सून पोटुशी व्हती तवा," त्रिंबक म्हणाला.

"ठावं हाय मला."

"कडी मीच लावली."

"ऐकली मी."

गहिनीनाथ उठला. दोघांनी मेंढरं हाकून बांधापलीकडं नेली. घोडी मागून आपली आपण आली. त्रिंबकच्या रानात ढेकळं होती, जमीन माळापेक्षा मऊ होती. त्रिंबकनं भाकरी बोरीच्या फांदीला टांगली, खाली बसला आणि खुंटी दोन्ही हातांनी धरली.

"हान."

गहिनीनाथनं कुऱ्हाड उचलली आणि ती वरच राहिली. खुंटीभोवती माणसाची बोटं बघून वर्ष झालं होतं. भंडाऱ्याचा पिवळा रंग अजून नखांत होता. त्याचे डोळे भरून आले आणि खुंटी दिसेनाशी झाली.

"हान की बे! का बोटं तोडतोस माजी?"

"त्रिंबक, मरन तुजंच आधी आलं तर?"

त्रिंबकनं वर बघितलं. मग घोडीकडं बघितलं.

"तर तू ये," तो म्हणाला. "पर घोडी घिऊन यिऊ नगंस. मानसं घिऊन ये."

गहिनीनाथनं बाहीनं डोळे पुसले, खुंटी नीट बघून घेतली आणि हाणली. पेटीवर ठेवलेला फोन वाजत होता, मनिषाचाच असणार. वाघर लागल्यावर बोलू म्हणून त्यानं तो वाजू दिला.